वेगाला वेसण

लाकडाच्या ओबडधोबड ओंडक्यातून तासाभरात घाटदार वस्तू निघावी, हे सुतारकामात एका लेथवरच घडते. करवत, रंधा आणि पटाशी यांच्याशी महिनोन्महिने झटूनही नवशिक्याला एक सरळ सांधा जमत नाही. लेथवर मात्र पहिल्याच आठवड्यात लाटणे होते, भोवरा होतो, रवीचा दांडा होतो. म्हणूनच टेबलावर मावणारा छोटा लेथ आता बंगल्याच्या गॅरेजात, गावाकडच्या पडवीत, क्वचित फ्लॅटच्या बाल्कनीतही येऊन बसला आहे. वजन साधारण ३५ ते ४० किलो, मोटर अर्ध्या अश्वशक्तीच्या आसपास, वेग मिनिटाला काहीशे फेऱ्यांपासून ३,००० फेऱ्यांपर्यंत. सोबत एक पत्रक येते. चष्मा घाला, सैल कपडे घालू नका, मुलांना दूर ठेवा, अशा सूचना त्यात असतात. सूचना बरोबरच असतात; पण त्यांच्यामागचे कारण कुणी सांगत नाही, आणि कारण न कळलेला नियम पहिल्याच घाईत मोडतो. माझे म्हणणे असे, की लेथवरची सुरक्षितता ही कामाला बाहेरून चिकटवलेली काळजी समजू नये. हाताने चालणाऱ्या लेथला एक मर्यादा होती आणि ती कारागिराच्या शरीरातूनच येत होती. विजेने ती काढून घेतली. घरच्या लेथवर ती मर्यादा आपली आपण पुन्हा घालायची असते, आणि ती घालता येणे ही या कामातली निम्मी कारागिरी आहे.

ती जुनी मर्यादा कशी होती, ते आधी पाहू. कातारी लोकांच्या जुन्या लेथवर लाकूड दोन टोकदार खिळ्यांमध्ये आडवे धरलेले असे. धनुकलीची दोरी त्याला वेढा घालून गेलेली असे; धनुकली पुढेमागे ओढली की लाकूड एकदा इकडे, एकदा तिकडे फिरे. कारागीर जमिनीवर बसून एका हाताने धनुकली चालवी, दुसऱ्या हाताने हत्यार धरी आणि पायाच्या बोटांनी त्याला आधार देई. कुठे दोरी ओढायला दुसरा गडी असे. कर्नाटकातले चन्नपट्टण, आंध्रातले एटिकोप्पाका आणि आपली सावंतवाडी ही लाखकामाची गावे अशाच हातलेथाच्या परंपरेतली. पहिल्या दोन गावांत काळ्या कुड्याचे पांढरे, बारीक पोताचे लाकूड वापरतात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळते आणि रंग बसतो. या सगळ्या व्यवस्थेत मोडतोड टाळण्याची सोय आपोआप होती. लाकूड कारागिराच्या दिशेने फिरे तेव्हाच कापायचे, उलटे फिरताना हत्यार किंचित मागे घ्यायचे. म्हणजे प्रत्येक कापानंतर सक्तीची उसंत. हत्यार रुतले तर दोरी लाकडावरून घसरून जाई. हात थकला की लेथ थांबे. माणूस सलगपणे फार तर ७५ ते १०० वॅट शक्ती देऊ शकतो, तीही पायांनी जोर लावला तर. एकट्या हाताची त्याहून बरीच कमी.

इथेच पहिला आक्षेप उभा राहतो. आमच्या आज्या-पणज्यांच्या काळात कारागीर उघड्या अंगाने, अनवाणी, बोटांच्या चिमटीत हत्यार धरून जन्मभर काम करत, त्यांना कुठे चष्मा आणि मुखवटा लागत होता? आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचा निष्कर्ष चुकीचा आहे. त्या कारागिरांना त्या साधनांची गरज कमी होती, कारण त्यांच्या हाताखालची शक्ती त्यांच्याच दंडातून येत होती. चूक झाली तर तिच्यात जोर भरायला दुसरे कोणी नव्हते. शिवाय त्यांनी काम शिकले ते बापाच्या किंवा काकाच्या शेजारी बसून, लहानपणापासून, रोज. हत्यार कुठल्या कोनात धरायचे हे त्यांना सांगावे लागत नसे. ते अंगवळणी पडलेले असे. आज घरी लेथ आणणाऱ्याकडे यातले काहीच नसते. ना दोरीची घसरण, ना दंडाचा थकवा, ना शेजारी बसलेला काका. त्या कारागिराचे अनवाणी पाय तेवढे उचलायचे आणि त्याचा लेथ मात्र सोडून द्यायचा, ही परंपरेची नक्कल झाली. तिच्यातले शहाणपण मागेच राहिले.

मोटर आली की नेमके काय बदलते, हे आकड्यांतून चांगले समजते. मिनिटाला १,५०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला २५. काहीतरी बिघडते आहे हे डोळ्यांना दिसून हाताने हालचाल सुरू करेपर्यंत माणसाला पाव सेकंदापेक्षा थोडा कमी वेळ लागतो. तो एक पंचमांश सेकंद धरला तरी तेवढ्यात लाकूड पाच फेऱ्या मारून मोकळे झालेले असते. आता त्या लाकडाचा व्यास अवघा तीन सेंटिमीटर आहे असे समजा, म्हणजे लाटण्याच्या मुठीएवढा. त्याचा परीघ साडेनऊ सेंटिमीटरच्या आत. त्यात ओढणीचे टोक अडकले, तर हात हलण्याआधी जवळजवळ अर्धा मीटर कापड गुंडाळले गेलेले असते, आणि ओढणीचे दुसरे टोक गळ्यात असते. ‘सैल कपडे घालू नका’ या सूचनेचा अर्थ एवढाच आहे: या यंत्रासमोर चपळाईला किंमत नाही. पदर, ओढणी, शर्टाची लांब बाही, मोकळी वेणी, गळ्यातली साखळी, मनगटावरचा राखीचा दोरा, यांतले जे यंत्रापर्यंत पोचू शकते ते कधीतरी पोचणार असे धरूनच ते काढायचे, बांधायचे किंवा आत खोचायचे. हातमोज्यांबद्दलचा गोंधळही इथे सुटतो. मोजे कुसळांपासून आणि गरम ढलप्यांपासून बोटे वाचवतात, हे खरे. पण मोजा अडकला तर तो बोटांसकट हात ओढून नेतो. कुसळाची जखम चिमट्याने बरी होते. म्हणून फिरत्या लेथवर मोजे नाहीत, आणि पॉलिश लावायला कापडाचा बोळाही नाही. त्यासाठी कागदी रुमाल वापरतात, कारण तो अडकला तर फाटतो.

दुसरा आक्षेप अधिक फसवा आहे: यंत्र लहान, म्हणून धोकाही लहान. इथे थोडे गणित करावे लागते. २५ सेंटिमीटर व्यासाचा आणि १० सेंटिमीटर जाडीचा आंब्याचा तुकडा वाडगा करण्यासाठी लेथवर चढवला, तर त्याचे वजन साडेतीन किलोच्या आसपास भरते. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर त्याची कड तासाला २८ किलोमीटर वेगाने धावते. ३,००० फेऱ्यांवर तीच कड तासाला १४० किलोमीटर गाठते. पण खरा फरक वेगात दिसत नाही, तो साठलेल्या ऊर्जेत दिसतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग पाचपट केला की ऊर्जा पंचवीसपट. तोच तुकडा दीड मीटर उंचीवरून पडताना जेवढी ऊर्जा घेऊन येईल, तेवढी ६०० फेऱ्यांवर त्याच्यात असते. ३,००० फेऱ्यांवर ती बाराव्या मजल्यावरून पडणाऱ्या तुकड्याइतकी होते. म्हणूनच कातकाम करणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशेब रूढ आहे: लाकडाचा इंचांतला व्यास आणि मिनिटाच्या फेऱ्या यांचा गुणाकार सहा ते नऊ हजारांच्या दरम्यान ठेवावा. दहा इंची वाडग्याला ६०० ते ९०० फेऱ्या, दोन इंची दांड्याला ३,००० ते ४,५००. तोही समतोल, निर्दोष लाकडासाठी. वेडेवाकडे लाकूड असेल तर त्याच्याही खाली. लहान यंत्राची अडचण अशी, की त्याला स्वतःचे वजन नसते. फक्त १०० ग्रॅमचा तोल मध्यापासून १० सेंटिमीटरवर ढळलेला असला, तर ६०० फेऱ्यांवर तो सुमारे चार किलोच्या जोराने यंत्राला हिसडे देतो आणि १,८०० फेऱ्यांवर ३६ किलोच्या. म्हणजे यंत्राच्या वजनाएवढ्याच. टेबलाला बोल्टने न कसलेला छोटा लेथ अशा वेळी चालायला लागतो. कारखान्यातला बिडाचा भारदस्त लेथ जी चूक पचवतो, ती घरचा लेथ पचवू शकत नाही.

यावरून निघणारा निष्कर्ष असा, की लेथवरचे बहुतेक अपघात बटण दाबण्याआधीच ठरलेले असतात. तुकडा निवडताना त्याला चीर आहे का, गाठ सुटलेली आहे का, साल आतपर्यंत शिरली आहे का, हे पाहायचे. बोटाने किंवा लाकडी दांड्याने ठोकून ऐकायचे. सलग लाकूड खणखणीत वाजते, भेगाळलेले बद्द. आपल्याकडे एक वेगळी सावधगिरी लागते. जुने वाडे पाडल्यावर निघालेले सागवान आपण मोठ्या हौसेने विकत घेतो, आणि ते घ्यावेही. पण त्या तुळयांत आणि चौकटींत मोडलेले खिळे खोल दडलेले असतात, त्यांच्यावर काळा डाग तेवढा दिसतो. लोहचुंबक फिरवल्याशिवाय असे लाकूड चढवू नये. मग ते घट्ट धरायचे: लाकूड पकडणाऱ्या चकच्या जबड्यांत पुरेसे खोल, आणि शक्य असेल तोवर दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा आधार ठेवून. हत्याराचे टेकण योग्य जागी कसायचे, लाकूड हाताने एक पूर्ण फेरी फिरवून कुठे अडत नाही ना ते बघायचे, चकची किल्ली काढून जागेवर ठेवायची, वेग सर्वांत कमी आहे याची खात्री करायची. आधीचे काम बारीक दांड्याचे असेल तर वेगाची मूठ वरच राहिलेली असते. आणि शेवटी, बटण दाबताना लाकडाच्या समोर उभे राहायचे नाही. तुकडा फुटला तर तो फिरण्याच्या पातळीतच बाहेर पडतो, इकडे तिकडे नाही. त्या पातळीतून एक पाऊल बाजूला होणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठी सुरक्षा आहे. पारदर्शक मुखवटा जरूर घालावा, ढलप्यांपासून आणि लहान तुकड्यांपासून तो चेहरा वाचवतो. नुसत्या चष्म्याने डोळे वाचतात, नाक-जबडा नाही. पण दोन किलोचा ओंडका मुखवटा अडवत नाही. जागा बदलणे हाच त्यावरचा उपाय.

हत्यार लाकडाला लागल्यानंतरची गोष्ट माझ्या मुद्द्याला सर्वांत जास्त बळ देते. लाकडापासून टेकण पाच मिलिमीटरवर असेल आणि हत्याराची मूठ टेकणाच्या मागे ४० सेंटिमीटरवर धरलेली असेल, तर टोकावर येणाऱ्या जोराचा ऐंशीवा भाग हाताला सोसावा लागतो. टेकण तसेच ठेवून लाकूड झिजत गेले आणि अंतर पाच सेंटिमीटर झाले, की तोच जोर हातावर दहापट होऊन येतो. म्हणून काम करता करता यंत्र थांबवून टेकण पुन्हा पुन्हा पुढे घ्यायचे. फिरत्या लाकडावर ते सरकवण्याचा मोह टाळायचा. हत्यार आधी टेकणावर ठेवायचे, मग त्याच्या पात्याचा उतार लाकडावर नुसता घासू द्यायचा, आणि मूठ सावकाश उचलत धार लाकडात उतरवायची. क्रम उलटा झाला, धार आधी लाकडाला लागली, की लाकूड हत्यार हिसकावून टेकणावर आपटते; कधी पाते मोडते, कधी वाडगाच फुटतो. आता गंमत अशी, की गुळगुळीत काप हवा असेल तरी हाच क्रम लागतो. उतार टेकलेला असेल तर धार किती खोल जाईल ते हातात राहते आणि लाकडाचे लांब, रेशमी वेटोळे निघतात. उतार सुटला की पृष्ठभागावर खड्डे पडतात. बोथट हत्याराचेही तेच. बोथट धारेला जोर लावावा लागतो, आणि लावलेला जोर सुटला की हात घसरतो; शिवाय लाकडाचे तंतू कापले न जाता उपटले जातात. तंतूंची दिशा जाणणेही असेच दुहेरी उपयोगाचे. लांब दांड्याला गोल करण्याची जी रुंद गोल पटाशी मिळते, तिचे पाते मुठीत शिरताना अरुंद होते; ती वाडग्याच्या आडव्या-उभ्या तंतूंवर चालवली तर त्या अरुंद जागी मोडू शकते. वाडग्यासाठी जाड, सलग गजाची पटाशी वेगळी असते. जखमेपासून वाचवणारी आणि वस्तू सुबक करणारी अशी हत्यार धरण्याची दोन निरनिराळी शास्त्रे नाहीत. चुकीच्या कापाचे निशाण लाकडावर उमटते, म्हणजे लाकूडच आपल्याला वेळेवर ताकीद देत असते.

एक धोका मात्र अशी ताकीद देत नाही, तो धुळीचा. इंग्लंडमध्ये बकिंगहॅमशायरमधल्या चिल्टर्न टेकड्यांवर बीचच्या जंगलात बसून खुर्च्यांचे पाय कातणारे कारागीर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होते. लवचिक दांडा आणि पायटा यांच्यावर चालणारा लेथ, ओले लाकूड, उघडी हवा. कामातून निघत त्या ओलसर ढलप्या. हे पाय जवळच्या हाय विकम गावी खुर्च्यांच्या कारखान्यांत जात. त्याच हाय विकमच्या फर्निचर कामगारांमध्ये नाकाच्या पोकळीतला एक दुर्मीळ कर्करोग नेहमीपेक्षा फार जास्त आढळतो, हे १९६० च्या दशकात डॉक्टरांच्या ध्यानात आले, आणि १९६८ मध्ये त्यावरचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. पुढे १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. एकाच मुलखातल्या एकाच धंद्यातला हा फरक बोलका आहे. जंगलातल्या लेथवर ढलप्या होत्या. कारखान्यातल्या यंत्रांवर कोरड्या लाकडाची बारीक धूळ होती, आणि ती बंद जागेत होती. घरचा लेथ या दोघांपैकी कारखान्याच्या जवळचा आहे. त्याचे मालक हौसेने काम करतात, कामगारांसारखे जन्मभर दिवसाचे आठ तास नाही, हे मान्य. त्यांचा धोका तेवढा मोठा नसणार. पण पॉलिश पेपरने घासण्याचे काम बहुतेक वेळा खिडकी बंद करून, शेजाऱ्यांना आवाज नको म्हणून, आणि तोंडाला रुमाल बांधून होते. रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ मुखपट्टी अडवते. सागवान आणि शिसवी यांच्या धुळीने काहींच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो, आणि बिब्ब्याचा चीक अंगावर उततो हे तर खेड्यात कुणालाही ठाऊक असते. अनोळखी जळाऊ लाकूड फुकट मिळाले म्हणून लेथवर चढवू नये, त्याचे कारण हेच. आणि इथेही जुना न्याय लागू पडतो: धारदार हत्याराने शेवटचा काप नीट घेतला तर घासायला फार उरत नाही. उत्तम धूळनियंत्रण धारेपासून सुरू होते.

तिसरा आक्षेप अनुभवी माणसांचा असतो. नवशिक्याला नियम हवेत, हात बसल्यावर कशाला? या बाबतीत येल विद्यापीठातली घटना विसरता येत नाही. २०११ च्या एप्रिलमध्ये तिथल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील यंत्रशाळेत एका विद्यार्थिनीचे केस लेथमध्ये अडकले आणि तिचा मृत्यू झाला. लेथ धातूकामाचा होता, लाकडाचा नव्हता. पण केस ओढून नेणारे फिरते टोक दोन्हीकडे सारखेच. ती अडाणी नव्हती; यंत्रशाळेत काम करण्याचे प्रशिक्षण तिने घेतलेले होते. रात्रीची वेळ होती आणि ती एकटी होती. त्या घटनेनंतर विद्यापीठाने यंत्रशाळांच्या वेळा आणि देखरेख यांचे नियम कडक केले. यातून कौशल्य निरुपयोगी आहे असे कुणी म्हणणार नाही. कौशल्य चुकांची संख्या कमी करते. घडलेल्या चुकीचा जोर ते कमी करत नाही, कारण तो जोर मोटरचा असतो. उलट हात बसला की नजर सैल होते, मन दुसरीकडे जाते, आणि ‘एवढाच एक काप’ म्हणत माणूस थकलेला असतानाही काम ओढत राहतो. धनुकलीच्या लेथवर थकवा यंत्राला थांबवत असे. मोटरच्या लेथवर थकवा फक्त माणसाला मंद करतो. म्हणून झोप आली असेल, औषधाची गुंगी असेल, घरात कुणीच नसेल, तर त्या दिवशी लेथ बंद ठेवावा, हा नियम नवशिक्याइतकाच मुरलेल्या माणसालाही लागू आहे. कदाचित अधिकच.

‘घरात’ या शब्दात आणखी एक अडचण आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्रांच्या फिरत्या भागांना कुंपण घालण्याची सक्ती केली, आणि त्या कलमात लेथचा उल्लेख नाव घेऊन होता: हेडस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या फिरवणाऱ्या टोकाच्या, बाहेर आलेला गजाचा भाग झाकलेलाच हवा. चालू यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्याला अंगाला घट्ट बसणारे कपडे, तेही मालकाच्या खर्चाने, आणि कण उडणाऱ्या कामाला डोळ्यांचे संरक्षण, हेही त्या कायद्यात आले. पण तो कायदा लिहिला गेला तो विजेवर दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा जागेसाठी. घरचा लेथ त्याच्या नजरेबाहेरच राहिला. आयटीआयमध्ये टर्नरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे; घरी लेथ मागवणाऱ्याला यंत्र दारात यायला दोन-चार दिवस पुरतात. कारखान्यात जे काम निरीक्षक, फोरमन आणि शेजारचा कामगार मिळून करतात, ते इथे एकट्याने करायचे आहे. त्यात घरच्या खास गोष्टींची भर पडते. आपल्याकडे वीज जाते. माणूस मेन स्विच तसाच ठेवून चहाला जातो, वीज परत येते आणि रिकाम्या खोलीत लेथ आपोआप सुरू होतो. वीज गेल्यावर आपसूक बंद पडणारा आणि पुन्हा दाबल्याशिवाय चालू न होणारा स्विच मिळतो. तो नसेल तर बसवून घ्यावा, आणि तोपर्यंत वीज जाताच प्लग काढावा. अर्थिंग खरे आहे का ते वायरमनकडून तपासून घ्यावे. जवसाच्या तेलाने भिजलेली कापडे बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ते तेल वाळताना उष्णता सोडते, आणि बोळ्यातल्या उष्णतेला वाट नसली तर तो आपणहून पेटतो. अशी कापडे उघड्यावर पसरून वाळवावीत. खोलीला कडी असावी, आणि लेथ चालू असताना दार उघडून हाक मारायची नाही, हे घरातल्या लहानथोरांना शिकवलेले असावे.

एवढे सगळे ऐकून कुणी म्हणेल, मग हौस कसली राहिली? हौशी माणूस ऑफिसातल्या नियमांना कंटाळूनच लाकडाकडे वळतो. इथेही यादी घेऊन उभे राहायचे असेल तर त्यापेक्षा दुकानातला वाडगा बरा. हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो, कारण तो आनंदाबद्दलचा आहे आणि आनंदासाठीच हे काम करायचे असते. त्याला उत्तर असे. संगीतात ताल गायकाला बांधून ठेवतो आणि त्या बांधलेपणातूनच समेवर येण्याचा आनंद मिळतो; लेथवरचा क्रमही तसाच आहे. हाताने फेरी फिरवून पाहणे, टेकण जवळ घेणे, बाजूला उभे राहणे, वेग खालून वर नेणे, ही कामे पहिल्या महिन्यात यादीसारखी वाटतात, नंतर ती शरीरात उतरतात. त्यांच्या जोरावरच मन मोकळे होते आणि लाकडाच्या रेषांकडे, आकाराकडे, कडेच्या जाडीकडे लक्ष देता येते. धास्तावलेला माणूस हत्यार गच्च पकडतो. गच्च पकडलेले हत्यार लाकडाचा थरकाप कळू देत नाही. निर्धास्त होण्यासाठी नियम आहेत. ज्याला आपण कुठे उभे आहोत आणि लाकूड फुटले तर ते कुठे जाईल हे ठाऊक आहे, तोच सैल हाताने काप घेऊ शकतो. जोराने कापायला मोटर आहेच. माणसाकडून त्या कामाला हवा असतो तो थांबण्याचा निर्णय, आणि तो मोटर कधीच घेत नाही.

तेव्हा लेथ घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा, पण खर्चाचा आणि वेळाचा क्रम बदलून. ठरवलेल्या पैशांतला एक वाटा यंत्राआधी बाजूला काढावा: पारदर्शक मुखवटा, चांगली मुखपट्टी, धार लावण्याची सोय, टेबलाला कसण्याचे बोल्ट आणि वीज गेल्यावर बंद पडणारा स्विच यांच्यासाठी. त्यामुळे यंत्र एक नंबर लहान घ्यावे लागले तरी चालेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बटण दाबण्याआधी चार दिवस कुणा कसलेल्या हातांशेजारी उभे राहावे. सावंतवाडीच्या चितारआळीत आजही लाकडी फळे आणि खेळणी बनतात. आपल्या गावातही पाळण्याचे आणि देव्हाऱ्याचे खांब कातणारा एखादा कारागीर शोधला तर सापडतो. तो हत्यार आधी कशाला टेकवतो, लेथ सुरू करताना कुठे उभा राहतो आणि काम मध्येच किती वेळा थांबवतो, एवढे तीन प्रश्न मनात धरून त्याच्याकडे पाहावे. चष्मा न घालणारा भेटला तर चष्म्याच्या बाबतीत त्याचे ऐकू नये. बाकी तिन्ही उत्तरे पत्रकापेक्षा त्याच्याकडेच चांगली मिळतील. ती मिळाल्यावर मगच यंत्राची ऑर्डर द्यावी.